मंगळवारच्या तीन ओळी

वकिलातीच्या जावक रजिस्टरात शशिकांत रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली तीन क्रमांक घालून तीन ओळी कोऱ्या सोडायचा. ही सातारा जिल्हा परिषदेतली खोड. तिथल्या साहेबांना महत्त्वाची पत्रं नेमकी कचेरी बंद झाल्यावर आठवत. मग ती त्याच तारखेला बसवावी लागत. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या ओळींवर लाल शाईची रेघ मारली की झालं. दोह्यातल्या या परक्या देशाच्या वकिलातीत येऊनही खोड गेली नाही. राजदूत हसून म्हणत, "आमच्या देशात याहून कमी गुन्ह्याला माणसं गोळ्या घालायला भिंतीशी उभी करतात."

त्या देशाचं नाव सांगण्यात अर्थ नाही; अकरा वर्षांत ते दोनदा बदललं होतं. चार वर्षं तिथे आपसातच लढाई चालू होती, आणि सत्तेवरचे जनरलसाहेब दर वर्षी "पुढच्या वर्षी निवडणूक" म्हणत होते. १९७९ मधल्या एका बुधवारी शशिकांतने नव्या पानावर तारीख घातली, पहिलं पत्र चढवलं आणि लाल दौतीकडे हात नेला, तोच रेडिओने सांगितलं, जनरल पळाले. दुपारपर्यंत देशाला दोन सरकारं झाली. राजदूतांनी जनरलचा फोटो उतरवून, तोंड भिंतीकडे करून कपाटामागे ठेवला. फेकला नाही, काय सांगावं, परत आले तर? शिक्का ड्रॉवरमध्ये कुलूपबंद झाला. या गडबडीत मंगळवारच्या ओळींवर रेघ मारायची राहूनच गेली.

हजरा त्याच देशाची, इथल्या एका इस्पितळात आया. तिची सात वर्षांची नजमा आजीबरोबर सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत होती. पोरीचा कतारचा व्हिसा निघाला होता, महिनाअखेरपर्यंतचा. हवं होतं ते सहीशिक्क्याचं एक प्रवासपत्र. त्यासाठी हजरा रोज येऊन बाकावर बसे.

"मी कुणाच्या नावाने सही करू?" राजदूत म्हणत. "कोण जिंकतं ते आधी ठरू दे."

"ते ठरेपर्यंत पोरीने काय करायचं?" हजरा तोडक्यामोडक्या हिंदीत शशिकांतला विचारी. राजदूतांना विचारायची तिची छाती नव्हती.

शशिकांतला तिची दया येई. पण खरं सांगायचं तर त्याला आधी स्वतःचीच काळजी होती. त्याचा व्हिसा वकिलातीचा, आणि वकिलातीला आता कुलूप लागायची चिन्हं होती. दुसरीकडे नोकरी करायला मोकळीक देणारं वकिलातीचं रिलीज लेटर मिळालं तर एका कंपनीत स्टोअरकीपरची जागा तयार होती. नाहीतर गाशा गुंडाळून सातारा. त्याने दोन कागद टाइप केले, एक स्वतःचा, एक नजमाचा, आणि रजिस्टर घेऊन आत गेला.

"सर, मंगळवारी तुम्ही राजदूत होता. त्याबद्दल दोन्ही सरकारांचा वाद नाही."

राजदूत या वेळी हसले नाहीत. "किती ओळी आहेत?"

"तीन."

"दोन मला लागतील. माझा पासपोर्ट आणि मॅडमचा. मुदत वाढवून घेतो." ते कागदांकडे बघत म्हणाले, "एक उरते. तुझं तू ठरव. एकावरच सही करीन."

शशिकांत बाहेर आला. त्याला राग आला. ओळी सोडल्या त्याने, आणि दोन गेल्या ह्यांच्या घरात. बाक रिकामा होता. हजराची ड्यूटी होती. आपल्या रजिस्टरात अशा ओळी आहेत हेही त्या बाईला ठाऊक नव्हतं. स्वतःचं नाव घातलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं.

त्याने नजमाचं नाव घातलं. मग रिलीज लेटर फाडून टोपलीत टाकलं आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालत बसला.

आठवड्याभरात राजदूत सपत्नीक युरोपला गेले. महिना संपायला दोन दिवस असताना हजरा पोरीला घेऊन आली. आभार मानायला "शुक्रन म्हण," असं आई चारदा म्हणाली. नजमा काही तिच्या पाठीमागून पुढे आली नाही. शशिकांतला बरं वाटलं. घरच्यांना काय सांगायचं, हे मात्र तेव्हाही सुचलं नव्हतं.

वकिलातीतल्या आपल्या शेवटच्या दिवशी त्याने किल्ल्या जमा केल्याचं पत्र स्वतःच्याच सहीने रजिस्टरात चढवलं. देशात सरकार कुणाचं, ते अजून ठरत होतं. जो कोणी येईल त्यालाही काहीतरी उशिरा आठवणारच. शशिकांतने त्या नोंदीखाली तीन क्रमांक घातले आणि ओळी कोऱ्या सोडल्या. त्यांच्यावर रेघ मारायला दुसऱ्या दिवशी तो असणार नव्हता.