मुद्देमालाच्या खोलीतला कन्सोल

मी एक गेम कन्सोल आहे. म्हैसूरच्या एका पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत, अंगावर लाखेचं सील घेऊन बसलोय. एका बाजूला चोरीच्या मोटरसायकलचा आरसा, दुसऱ्या बाजूला जुगाराचे पत्ते. संगत बघा माझी!

तसं माझं आयुष्य सुखात सुरू झालं. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या विक्रांत नावाच्या इंजिनिअरनं मला हूटगळ्ळीच्या नव्या घरात आणलं. तो आणि त्याची मुलगी आभा जमिनीवर मांडी घालून खेळायचे. हरला की विक्रांत माझ्यावरच डाफरायचा. चूक बोटांची आणि बोलणी मला, माणसांचं हे असंच.

मग माझ्यात डिस्क फिरेनाशी झाली. सर्व्हिस सेंटरवाल्यानं हात झटकले, "या मॉडेलचा पार्ट आता येत नाही. नवीन घ्या." विकत घेतलेले कपाटभर गेम घरात पडून, आणि आभा हिरमुसलेली. तेव्हा विक्रांत मला विजयनगरला किरणकुमारच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला.

माझ्या आत एक कुलूप होतं. कंपनी परवानगी देईल तेवढंच मी चालवायचं. किरणनं ते उघडलं आणि विक्रांतच्याच डिस्कवरचे गेम माझ्या पोटात भरले.

"हे कायद्यात बसतं ना?" विक्रांतनं विचारलं.

"अय्यो, तुमचीच मशीन, तुमचेच गेम. यात तप्पु काय, चूक काय सार?"

फुकटचे गेम भरून मागणाऱ्यांना मात्र किरण दारातूनच वाटेला लावायचा.

पुढे दसऱ्याच्या सुमाराला माझा पंखा घरघरू लागला, म्हणून विक्रांतनं मला पुन्हा तिथे ठेवलं, या खेपेला नुसतं साफ करायला. आयुधपूजेला किरणची आई जमुनाबाई दुकानात आल्या. स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगचं यंत्र आणि कुलूप उघडलेले आम्ही चार कन्सोल, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, शेवंती वाहिली गेली.

"फोटो घाल की रे, जनांना कळू दे तुझं काम," त्या म्हणाल्या.

किरणनं हौसेनं फोटो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'लॉक काढून मिळेल'. चोर असता तर त्याला हे सुचलं असतं का? फोटो फिरत फिरत कंपनीच्या माणसापर्यंत पोचला आणि फुलं सुकायच्या आत पोलीस आले.

ठाण्यात वकील नागरत्नाबाईंनी किरणला धीर दिला. "नुसतं कुलूप उघडलं म्हणून गुन्हा होत नाही. कशासाठी उघडलं, ते बघतात. गेम विकतचे होते, एवढं विक्रांत सारांनी सांगितलं तरी पुष्कळ."

विक्रांत आला. किरण आशेनं उठून उभा राहिला.

"मी फक्त साफसफाईला दिला होता," विक्रांत खाली बघत म्हणाला. "आत काय केलं, मला माहीत नाही."

खोटं तरी कसं म्हणू? दुसऱ्या खेपेला त्यानं साफसफाईलाच दिलं होतं. नोकरी जाईल या भीतीनं तो पांढराफटक पडला होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

किरण भांडला नाही. विक्रांत जायला वळला तेव्हा एवढंच म्हणाला, "सार, आभापुट्टीला सांगा, तिचा अर्धा राहिलेला खेळ मी पुसला नाही. तसाच ठेवलाय."

विक्रांत निघून गेला.

किरणचं दुकान तेव्हापासून बंद आहे, असं हवालदार बोलतात. खटला अजून उभा राहायचाय. विक्रांत, मला सोडवायला येऊ नकोस. त्या माणसासाठी ये, आणि पहिल्या खेपेचं सांग.