काळ्या करकोच्याची साक्ष

नदीकाठच्या, पक्षी बघणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच कायदा चाले, आणि तो बाबांनी केलेला: पक्षी दोघांनी पाहिला तरच पाहिला. या कायद्यापायी त्यांनी घड्याळवाल्या काकांनी एकट्याने पाहिलेला गरुड सगळ्यांदेखत उडवून लावला होता. काकांनी ते पोटात ठेवलं.

यंदा हिवाळ्यातही पावसाने पाठ सोडली नाही. बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. पुढचा हिवाळा नाही, हे डॉक्टरांनी मुलीला सांगितलं आणि तिच्या तोंडाकडे बघून बाबांना कळलं. उभ्या जन्मात न दिसलेला काळा करकोचा तेवढा त्यांना हवा होता.

तो एका सकाळी उतरला. झिमझिमीत, पलीकडच्या गाळावर, बगळ्यांच्या मागे. बाबांनी बोट वर केलं तेव्हा ती पिशवीत वाकून त्यांचं औषध शोधत होती. मान वर करेपर्यंत नुसते बगळे.

शेडमध्ये बाबांनी सांगितलं. अंगावरून पाणी निथळत होतं, चेहरा लहान मुलाचा झाला होता.

"वा," घड्याळवाले काका म्हणाले. "दुसरं कोण होतं?"

"ही होती की."

"होती ते खरं. पाहिलास का, पोरी?"

बाबांसमोर ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"पाहिला," ती म्हणाली. "लाल चोच, पोट पांढरं."

"मग माझी ना नाही." काकांचा आवाज पडला.

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"पुस्तकातलं बोलतेय ती. डोकं पिशवीत होतं हिचं. ही साक्ष धरू नका."

"बाबा, अहो..."

"मरणाऱ्याच्या तोंडात साखर घालतेस? मी मागितली होती?"

खोकल्याची उबळ आली. तिने पाठीवर ठेवलेला हात त्यांनी झटकला.

दुसऱ्या दिवशी ती रेनकोट चढवून आली, तर दारात काका उभे. बाबांनीच बोलावलं होतं.

"तू घरी थांब," बाबा म्हणाले. "मला खरं बघणारे डोळे हवेत."

काकांनी त्यांचा दंड धरला. "चल रे, कायदेपंडित. घसरलास तर मी उचलणार नाही."

दोघे रोज भिजत गेले. करकोचा काही फिरकला नाही. एका दुपारी बाबा तिथेच, काकांच्या खांद्यावर मान टाकून गेले.

सगळं आटोपल्यावर तिने काकांना गाठलं.

"शेवटी माझं नाव काढलं का त्यांनी?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"मी तरी ऐकलं नाही," ते म्हणाले.