रेषेच्या खाली

लातूर जिल्हा झाला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. कलेक्टर आले, त्यांची पाटी आली, पाटीला रंग आला. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ, तोही रात्री दोनच्या पुढं, कधी चारला. घागरी रांगेत लावून सगळी गल्ली जागी असायची. कुणी पत्ते कुटायचं, कुणी सुनेला बोलायचं. आमच्या माळवदावर, घरावरच्या मातीच्या गच्चीवर, तीन गिटारी वाजायच्या.

गिटार म्हणजे गळ्यात अडकवून नाचतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी निजवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, आणि डाव्या हातातली स्टीलची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवायची. तिला आम्ही रॉड म्हणतो. पेटीचं बरं असतं, पट्टी दाबली की सूर हजर. इथं सूर कुठं थांबतो ते कानानं ठरवायचं. खाली खुणेच्या रेषा असतात, पण रॉड केसभर मागं राहिला तरी सूर उतरतो.

तिघं म्हणजे वीरण्णा, माझे मालक मलप्पा आणि मी. वीरण्णा आमचे गुरू, आम्ही नुसतं अण्णा म्हणायचो. मूळचे निलंग्याचे. तरुणपणी मुदखेडला रेल्वेच्या एका गार्डाकडून गिटार शिकले, आणि नंतर लातुरात ट्रकच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात वीस वर्षं पत्रा ठोकला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मालकांना त्यांनीच शिकवलं. मला कुणी शिकवलं नाही. मालक दुपारी दुकानात गेले की मी त्यांची गिटार मांडीवर घ्यायची आणि चाचपडत बसायची. एकदा अण्णा जिन्यात उभं राहून ऐकत होते. वर येऊन म्हणाले, "मलप्पा, ही गिटार तुझ्यापेक्षा तुझ्या बायकोचं जास्त ऐकती बघ." पुढच्या आठवड्यात कुठूनशी एक जुनी गिटार माझ्यासाठी मागून आणली.

त्यांचा एक दंडक होता. वडीलधारा माणूस ज्या सुरावर थांबेल, तिथं बाकीच्यांनी जाऊन मिळायचं. रॉडच तो, जरा सरकवला की झालं. आम्हाला त्याची इतकी सवय की कधी सरकतो ते आमचं आम्हालाच कळायचं नाही.

दिवाळीनंतर अण्णा खाली थांबायला लागले. अगदी ज्वारीच्या दाण्याएवढं खाली. मालक खाली आले, मीही आले. तिघं एकाच ठिकाणी उतरलो की गोडच लागायचं. एकदा अंथरुणावर पडल्यावर मी म्हटलं, "अवो, अण्णांचा सूर उतरतोय का?"

"तुला लई कळतं," म्हणाले आणि कूस बदलली. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

त्या वैशाखातल्या रात्री अण्णा जिना चढून आले तेच हसत. हातात एक कागद.

"महानंदा, चहा टाक. साखर जास्त घाल."

"पाणी मोजून आहे अण्णा, साखरेचं नंतर बघू."

"मग नुसती साखर दे!"

नांदेडच्या एका संस्थेनं आमच्या नव्या जिल्ह्यात संगीताचा वर्ग काढायचं ठरवलं होतं. गिटार शिकवायला मास्तर पाहिजे होता. उद्या सकाळी दहाला परीक्षा. एक मास्तर पेटी घेऊन बसणार, सोबत तानपुरा. त्याच्याबरोबर वाजवून दाखवायचं.

"आन् कारखाना?" मालकांनी विचारलं.

"सांगून आलो. सोमवारपासून पत्रा बंद. माझ्या जागी एका पोराला घेतलंबी त्यांनी." अण्णांनी दोन्ही हात समोर धरले, जसं काही ते नवीनच मिळालेत. "वीस वरसं बडवलं रे मलप्पा. ह्या हातांनी आता हातोडा बेडा, नको म्हंजे नको. जिल्हा झाला तो कुणासाठी?"

मालक म्हणाले, "बरं झालं." माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

आम्ही बसलो. कंदील मध्ये ठेवला. अण्णांनी उद्या वाजवायची चाल धरली, सिनेमातली जुनी, सगळ्यांना पाठ असलेली. डोळे मिटून वाजवायचे ते. वरचा सा आला, अण्णा खाली थांबले, मालक तिथं जाऊन मिळाले. माझा हातही निघाला होता. मी तो धरून ठेवला.

पेटीच्या पट्ट्या काही खाली सरकणार नव्हत्या. उद्या दहाला अनोळखी माणसापुढं कळण्यापेक्षा आज माळवदावर कळलेलं बरं, असं मला वाटलं. बरं कशाला म्हणायचं, हेही धड ठरवलं नव्हतं.

दोन सुरांची घासाघीस झाली. एका भांड्यात दोन चमचे खळखळल्यासारखं. अण्णा थांबले.

"महानंदा, तुझा रॉड चढून राहिला."

"न्हाई अण्णा."

"चढलाय की. परत घे."

परत घेतला. मी जागची हलले नाही.

"अगं, झोप आली का तुला?" अण्णा चिडले नव्हते, गंमतच करत होते. "मलप्पा, कोण चुकतंय सांग."

मालकांनी गिटारीकडं बघत सांगितलं, "तीच चुकती."

सोळा वर्षांच्या संसारात त्यांनी मला पुष्कळदा चूक ठरवलं होतं, पण त्या रात्री म्हणताना आवाज फाटला. अण्णांनी तो फाटका आवाज बरोबर ऐकला. बोलण्यातलं त्यांना सगळं ऐकू यायचं.

मग त्यांनी कंदील ओढून आपल्या गिटारीशी घेतला. मोकळी तार छेडली. बाराव्या रेषेवर तीच तार एक सप्तक वर बोलते, हे गिटारवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. अण्णांनी डोळे मिटून रॉड वर नेला, सूर लावला, मान डोलावली. मग डोळे उघडून वाकून बघितलं. रॉड रेषेच्या खाली होता.

त्यांनी तो बरोबर रेषेवर आणला. छेडला. तोंड वाकडं केलं. गिटारीच्या लाकडाला कान लावला आणि पुन्हा छेडला. मग दुसरा कान लावला.

"हे मला चढलेलं लागतंय," हळूच म्हणाले. "तुमाला?"

"बरोबर लागतंय," मी म्हणाले.

"मलप्पा?"

मालकांनीही होकाराची मान हलवली.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"आन् तुमी दोघं खाली येत व्हता." त्यांनी बोटांतल्या नख्या एकेक काढल्या आणि पुन्हा एकेक घातल्या. "मला वाटायचं, काय गोड वाजतंय आपलं."

मी म्हटलं, "अण्णा, उद्या रेषांकडं बघून वाजवा. एका परीक्षेपुरतं."

"एका परीक्षेपुरतं न्हाई ना ते. रोज पोरं समोर बसणार. बरोबर वाजवलं की मी म्हणणार चुकलास, आन् चुकला की म्हणणार शाब्बास." जरासं हसले. "वीस वरसं पत्र्यावर हातोडा. कानात मोडलेला पत्राच बसलाय आता."

"डॉक्टरला दाखवू," मालक म्हणाले. "सोलापूरला मोठा डॉक्टर हाय म्हणं."

"दाखवू की," अण्णा म्हणाले. एखादं लेकरू चंद्र मागतं तेव्हा आपण देऊ की म्हणतो, तसं म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "उद्या न्हाई जात मी."

"मग सोमवारी?" मी विचारलं. विचारायला नको होतं. कारखान्यात त्यांच्या जागी पोरगा उभा राहिला होता, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

अण्णांनी गिटार नीट मांडीवर घेतली.

"एकदा वाजवू. पहिल्यासारखं. तुमी आपलं खाली या, लाजू नका."

आम्ही तयार झालो. तीच चाल. वरचा सा जवळ आला तशी मी मुद्दाम, ठरवून खाली सरकले, मालकही सरकले. पण अण्णांना आता ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. आम्हाला त्रास नको म्हणून अंदाजानं रॉड थोडा वर ढकलला. ते वर आले, आम्ही खाली गेलो, आणि मधेच कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेलो. तीन गिटारी, तीन सूर.

"माझंच चुकलं," अण्णा म्हणाले. "परत."

परत घेतलं. ह्या वेळीही ते वर येतील म्हणून आम्ही रेषेवर थांबलो, की खाली सरकायला हातच निघाला नाही म्हणून, हे आता मला सांगता यायचं नाही. ते खाली राहिले होते.

"परत," ते म्हणाले.