उशीच्या उंचीवरून

वैशाखातल्या भर दुपारी, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या असताना, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून रिकाम्या चौथऱ्यावर एकटाच उभा असलेला माणूस. बाबा म्हटलं की मला आधी हेच दिसतं. ताज्या सिमेंटवर मारलेल्या पाण्याचा वास, खाली ताटकळलेल्या समितीची कुजबुज, आणि वर हे महाशय फळी पोटाशी धरून निवांत जलरंग कालवतायत. पुतळा अजून नागपूरला, आमच्या अंगणात, गोणपाटाखाली असायचा आणि त्याच्या जागी आधी शिल्पकारच उभा राहायचा. बघणाऱ्यांना वाटे, ऊन लागलं बिचाऱ्याला.

ही त्यांची कामाची रीतच होती. पुतळ्याचं तोंड कुठल्या दिशेला करायचं हे ठरवण्याआधी त्या उंचीवरून समोर काय दिसेल ते कागदावर उतरवून घ्यायचं. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. भिवापुरात समितीच्या अध्यक्षांनी वैतागून विचारलं होतं, "काहून एवढा उशीर लावून राहिले जी तुम्ही?" बाबा वरूनच म्हणाले, "पुतळा कोणाले दिसन हे सगळेच पाहतात. पुतळ्याले काय दिसन, ते कोण पाहते?" आणि मग त्यांनी तो पुतळा भर बाजाराकडून जरासा वळवून, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लालभडक पटांगणासमोर उभा केला. त्याला तिथे कायमचं राहायचं आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बाबांना जाऊन वर्ष झालं. यंदा हिवाळ्यात शहरातल्या संग्रहालयाने त्यांची ही रेखाटनं आणि जलरंग मांडले. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी तिथल्या अभिरक्षक बाईंनी मला पाट्या तपासायला बोलावलं. उंच खिडक्यांतून उतरलेला पौषातला मऊ, फिकट प्रकाश त्या दालनात पसरला होता. भिंतींवर कन्हानचं रेतीने भरलेलं रुंद पात्र होतं, पारशिवनीकडच्या धुक्यात अर्ध्या विरलेल्या धानाच्या बांध्या होत्या, कुठल्याशा गावाच्या वेशीवरची बाभूळ होती. माणूस एकाही चित्रात नव्हता. मी एकेका पाटीवरचं गाव वाचत, मान डोलवत पुढे सरकत होते आणि मला काहीही वाटत नव्हतं. थंडीत गार पाण्याने धुणं धुतल्यावर बोटं जशी आपली राहत नाहीत, तसं माझं मन झालं होतं, आणि ते काही त्या दिवशीच झालं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही मी रडले नाही. आलेल्यांना चहा दिला, सतरंज्या घातल्या, सतरंज्या उचलल्या.

कारण माझा त्यांच्यावर राग होता. आईला लकवा झाला आणि ती अडीच वर्षं मागच्या खोलीत पडून होती. तिचं न्हाणं-खाणं, कूस बदलणं, औषधं, सगळं मी केलं. बाबा सकाळी दारातून डोकावत, "बरं हाय ना?" विचारत आणि रंगांची पेटी घेऊन नाहीसे होत. तिच्या उशाशी बसून त्यांनी कधी तिचा हात हातात घेतलेला मला आठवत नाही. आईच्या तेराव्याला, भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्यांना म्हणाले, "दगडाची संगत केली, दगडच झाले तुम्ही." पुढची सहा वर्षं आम्ही एका छताखाली जेवणापुरतं आणि विजेच्या बिलापुरतं बोललो.

"ताई, हे एक कुठलं हो? आम्हाले काही समजून नाही राहिलं," अभिरक्षक बाई म्हणाल्या. शेवटच्या भिंतीवर एकाच मापाचे चार जलरंग ओळीने लावले होते आणि खाली पाटी होती, स्थळ अज्ञात. बाकी सगळी चित्रं उंचावरून पाहिलेली, ही मात्र फार खालून. जमीन दिसतच नव्हती. डावीकडून आत आलेली पेरूची फांदी, शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी, कपड्यांची एक तार आणि बाकी सगळं आभाळ. दुसऱ्यात तेच आभाळ आषाढाने भरलेलं, तिसऱ्यात फांदीवर पेरू धरलेले, चौथ्यात एक राघू.

तो पेरू आमचा होता.

आईला मी चाकाच्या खुर्चीत बसवून कोवळ्या उन्हात न्यायची, तेवढा अर्धा तास तिचा पलंग रिकामा असे. एकदा टॉवेल घ्यायला आत आले तर बाबा तिच्या पलंगावर, तिच्याच उशीवर डोकं ठेवून, छातीवर कागद धरून उताणे पडले होते. मी फाडकन बोलले, "आईच्या पलंगावर काय लोळून राहिले? दुसरी जागा नाही का घरात?" ते कागद उचलून उठले. दुसऱ्या दिवशी पाहते तर पलंग भिंतीकडून खिडकीकडे फिरवलेला. पंख्याचा वारा नीट लागत नाही म्हणून मी त्यावरूनही तणतणले. आणि त्यानंतरच कधीतरी, भिंतीकडे पाहत महिनोन् महिने गप्प असलेली आई वाकड्या तोंडाने बोलू लागली, "राघू आला वं," "पेरू पिकले वं." औषध लागू पडलं असं मी डॉक्टरांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

चौथऱ्यावरचा तो माणूस मी लहानपणापासून पाहिला होता. दुसऱ्या कोणाला नाही तरी मला हे कळायला हवं होतं. मी चुकले. भरल्या घरात चुकले, आणि आता हे सांगायला ते भरलं घर नाही, ती माणसं नाहीत, तेही नाहीत.

"आमची मागची खोली आहे ही," मी बाईंना म्हणाले. "माझी आई पडल्या पडल्या हे पाहत होती. तसंच लिहा." त्यांनी पेन्सिलीने लिहून घेतलं. रडू येईल म्हणून मी थोडा वेळ तिथेच थांबले. आलं नाही. खिडकीतला उजेड एका चित्रावरून दुसऱ्यावर सरकत गेला आणि शिपाई दिवे लावून गेला.

लोक म्हणतात, बाबा गेल्या वर्षी गेले. मला तसं कधी जाणवलंच नव्हतं. रोज मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडत होते, आणि भांडण चालू होतं तोवर ते घरातच होते. त्या संध्याकाळी कुलूप काढून मी घरात शिरले तेव्हा भांडायला कोणी नव्हतं.