जोंगा पेट्रोलवरच राहील

बागूल आप्पांनी खिशातला हात बाहेर काढून जुन्या लष्करी जोंगा जीपच्या बोनेटवर ठेवला आणि बराच वेळ तो तिथून हलवला नाही. डिसेंबरची सकाळ होती. पत्र्यावर साचलेले दव त्यांच्या बोटांखालून ओघळले.

"गार शे," ते समाधानाने म्हणाले. "नाहीतर लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी पेटवून ठेवतात. मग काय, कसलंही म्हातारं गरम झाल्यावर पळतंच."

"आमच्यात तसलं चालत नाय," ओट्यावरून अण्णा म्हणाले. "गारच बघा. इंजिनाची नियत गारव्यातच कळती."

योगेश ड्रायव्हरच्या दाराशी उभा होता. उजाडायच्या आत तो किल्ली घेऊन शेडपर्यंत आला होता. पाच मिनिटे इंजिन चालवून ठेवावे, एवढेच त्याच्या मनात होते. पण अण्णा आधीच बाहेर खाटेवर बसलेले होते, कांबळ्यात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. किल्ली खिशात टाकून तो माघारी वळला होता.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, धोंडीराम काकळीज. देवळालीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये त्यांची उभी हयात फिटर म्हणून गेली आणि तिथल्याच लिलावातून त्यांनी ही जोंगा घरी आणली. मग त्यांचे हात थरथरू लागले. चहाचा कप आधी सुटला, नंतर पाना. तेव्हापासून पाना योगेशच्या हाती होता आणि त्याच्या मागे अण्णांचा आवाज. अर्धा फेरा. बस. उलटा घे जरा. आलेल्या दोन नोकऱ्या त्याने या आवाजापायी सोडून दिल्या होत्या. तिसरी दूर दक्षिणेतल्या होसूरची होती, बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरच्या कारखान्यात. सोमवारी हजर व्हायचे होते. गाडी विकली गेली तर अण्णा नांदगावला लेकीकडे, मैनाताईकडे राहायला तयार होते. गाडी दारात असेतो मात्र घर सोडणार नाही, असे त्यांनी एकदाच आणि शांतपणे सांगितले होते.

"मार स्टार्टर," अण्णा म्हणाले.

योगेशने चोक ओढला. स्टार्टर जडपणे फिरला, कण्हला आणि थांबला. बागूल आप्पांचा ड्रायव्हर हिरामण तंबाखू मळता मळता हसला. दुसऱ्यांदाही तेच झाले.

"चोक अर्धा आत ढकल. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल. तिला घाई करू नको, लेका."

तिसऱ्या खेपेला आतून एक खोकला उमटला, मग दुसरा, आणि एकामागून एक साही सिलिंडर जागे झाले. थोडी धडपड झाली. चोक आत गेला तसा आवाज बसत बसत इतका मऊ झाला, की शेजारच्या चिंचेवरचे साळुंक्यांचे भांडण पुन्हा ऐकू येऊ लागले.

"एक, पाच, तीन, सहा, दोन, चार," अण्णा पुटपुटले. सिलिंडर पेटण्याचा तो क्रम योगेशला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला होता.

"ॲव्हरेज काय देती?" बागूल आप्पांनी विचारले.

"चार. लय झालं तर साडेचार."

"लिटरला का बादलीला?"

हिरामण मोठ्याने हसला. अण्णाही हसले, पण त्यांचा हात उत्तरासाठी वर उठलाच.

"चार लिटरचं इंजिन हाय, आप्पा. प्यायला लागणारच. पण नांदुरीच्या घाटात कधी तापलं नाय, का दारणेच्या पाण्यात कधी विझलं नाय. यात कंप्युटर नाय, सेन्सर नाय. पेट्रोल, हवा अन् ठिणगी. तिन्हीतलं एखादं अडलं तर रस्त्यात बसून दुरुस्त करायचं." ते क्षणभर थांबले. "एकच बोलणं हाय. इंजिन हेच राहिलं पाहिजे. डिझेल टाकायचं नाय. डिझेल स्वस्त होतं त्या काळात सगळ्यांनी टाकलं, मी नाय टाकू दिलं."

"आधी चालवून तर बघू, बाबा," असे म्हणून आप्पा योगेशच्या शेजारी चढून बसले.

वडनेरच्या रस्त्याला दुतर्फा द्राक्षबागा होत्या. कुठे कागद बांधलेले घड दिसत होते, कुठे फवारणीचा उग्र वास रेंगाळत होता. योगेशने गाडी तिसऱ्यात घेतली. तिसरा हाच शेवटचा गिअर. त्यात एकदा गेले, की ही गाडी माणसाच्या चालीपासून साठच्या वेगापर्यंत न कुरकुरता येत असे. त्याला हे सांगायचे होते. पण इतकी वर्षे सांगण्याचे काम अण्णांचे होते. त्याच्या वाट्याला आले होते ते फक्त करणे.

"मस्त चालवतोस," आप्पा म्हणाले. नामपूरच्या कांद्याच्या व्यापारात त्यांचे केस पिकले होते. आता त्यांनी गंगापूर धरणाजवळ पाहुण्यांसाठी खोल्या आणि तंबू उभारले होते. "हे बघ भाऊ, तुला खरं सांगतो. पोरंपोरी गाडीबरोबर फोटो काढतील, मी त्यांना धरणापर्यंत फिरवून आणीन. चारच्या ॲव्हरेजनं मला पुरणार नाही. डिझेल इंजिन सांगून ठेवलंय. इथून गाडी सरळ गॅरेजलाच जाईल."

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. योगेशने गिअर खाली टाकला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातून गिअरचे दात घासल्याचा खर्रकन आवाज आला.

"म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलायला मला जड जातं," आप्पा पुढे म्हणाले. "नको असेल तर आताच सांग, मी हिरामणला घेऊन रिक्षानं जातो. घ्यायची असेल तर त्यांना काय सांगायचं ते तूच ठरव."

वडनेरच्या फाट्यावर योगेशने गाडी वळवली. परतीच्या वाटेवर आप्पा बागांमधल्या मालाविषयी बोलत राहिले. योगेश हुंकार देत होता. त्याच्या पायांखाली ते इंजिन सावकाश, एका लयीत फिरत होते.

गाडी दाराशी थांबली तेव्हा अण्णा ओटा उतरून रस्त्यापर्यंत आले होते.

"काय म्हणाले?"

योगेशने किल्ली फिरवली. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"पेट्रोलवरच ठेवणार म्हणाले."

आप्पा वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागले.

पुढचे सगळे लवकर उरकले. कागदांवर सह्या झाल्या. अण्णांची सही ओळीच्या वर-खाली भटकत गेली. मग ते आत गेले आणि एक लाकडी पेटी छातीशी धरून बाहेर आले. योगेश पुढे झाला, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. पेटीत तेलकट कागदांत गुंडाळलेली गॅस्केटे, प्लग, पॉइंट, कार्बोरेटरची बारीक जेट असे सामान होते. मुंबईच्या आणि कुठल्या कुठल्या जुन्या बाजारांतून जमवलेले. हे आता मिळत नाही, असे म्हणत ते एकेक वस्तू आप्पांच्या तळहातावर ठेवत गेले. एक जेट त्यांच्या बोटांतून निसटले आणि फरशीवर नाचत दूर गेले. आप्पांनी स्वतः वाकून ते उचलले.

"हो बाबा," प्रत्येक वस्तू पाहून पेटीत परत ठेवताना ते म्हणत होते. "हो. ध्यानात ठेवतो."

"अन् टॅपेट सेट करायचे ते गरम इंजिनावर. तुमच्या माणसाला जमलं नाय तर मला निरोप धाडा. नांदगावहून एष्टीनं येईन. हात चालत नाय, पण कान शाबूत हाय."

"या की, हक्कानं या," आप्पा म्हणाले आणि घाईघाईने गाडीत जाऊन बसले. हिरामणने स्टार्टर दाबला. तापलेले इंजिन एका हाकेत जागे झाले. जोंगा गल्लीच्या तोंडाशी जरा थबकली, वळली आणि दिसेनाशी झाली. तिचा आवाज त्यानंतरही कितीतरी वेळ येत राहिला. अण्णा मान किंचित तिरपी करून तो ऐकत होते.

मग ते ओट्याकडे वळले. पेटी तिथेच होती.

"विसरले बघ," अण्णा म्हणाले. "फोन लाव त्यांना. लांब गेले नसतील."

"राहू द्या, अण्णा. मी नेऊन देईन."

"तुझी सोमवारची धांदल. लाव म्हणतो ना."

योगेशने फोन लावला. घंटी वाजत असतानाच अण्णांनी हात पुढे केला. द्यावा लागला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला, तरी तो थरथरतच होता. पलीकडून आधी इंजिनाचा खोल, सलग नाद आला. बिलगून उभ्या असलेल्या योगेशलाही तो ऐकू आला. अण्णांनी डोळे मिटले.

"पेटी राहिली, आप्पा," ते म्हणाले.

इंजिनाच्या वर आवाज चढवून आप्पा ओरडून बोलत होते. फोनवर योगेशच आहे, असा त्यांचा समज झाला होता.

"राहिली नाही रे भाऊ, मीच ठेवली! इंजिनच काढायचंय, तर ते सामान नेऊन करू काय? बाबांपुढं बोलवेना मला. असू दे तुझ्याकडंच."

अण्णांनी फोन ठेवला नाही. पलीकडचे बोलणे संपले होते, पण घाईत फोन बंद करायचा राहून गेला असावा. नाद तसाच येत होता. मग तोही तुटला. योगेश जमिनीकडे पाहत उभा होता. काही बोलायचे तर ते आताच, हे त्याला कळत होते. त्याने तोंड उघडले.

"येतात म्हणाले," अण्णा त्याच्या आधी बोलले. "पुढच्या आठवड्यात. सवडीनं येऊन नेतात पेटी."

त्यांनी फोन त्याच्या हातात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. विचारायला जागा राहू नये, इतके काहीच नव्हते.

"बरं," योगेश म्हणाला.

"माझ्या दोन धोतरांची घडी घाल," अण्णा पायरीवर बसत म्हणाले. "अन् मैनाला कळव, उद्या येतो म्हणून."

योगेश घरात गेला. दांडीवरचे धोतर त्याने उतरवून घेतले. मग त्याने पहिली घडी घातली.