माझ्या वतीनं कोण बोलणार

मला विसरायला होतंय, पण अजून खुळी झालेली न्हाई. सांगलीचा डॉक्टर गोड हसून म्हणाला, "प्रभावतीबाई, पुढं तुम्हाला काही कळेनासं झालं, तर नव्या औषधाच्या संशोधनात तुम्हाला घ्यायचं का, ते आत्ताच ठरवा."

एवढं गोड बोलणारा माणूस मला खपत न्हाई.

"आमी जैन. दिवस मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत न्हाई," मी बजावलं. "माझी शुद्ध हरपली तरी रात्री माझ्या तोंडात काही घालायचं न्हाई."

"हो हो, सगळं तुमच्या मनासारखं!" डॉक्टर म्हणाला. माझा लेक सम्मेद लगेच मान डोलवायला लागला.

सून ब्राह्मी तेवढी डॉक्टरनं दिलेला कागद वाचत होती. आमच्या दोघींचं रोज वाजतं. तिनं एकदम विचारलं, "शेवटची गोळी किती वाजता?"

डॉक्टर चाचरला. "रात्री नऊला."

सम्मेद म्हणाला, "आई, तवा तुला कुठं कळणार हाय?"

"म्हणूनच आत्ता सांगते," मी म्हटलं. "गोळीची वेळ बदलली तर घ्या मला. पण माझ्या वतीनं तू बोलायचं न्हाईस. ही भांडकुदळ बोलंल."