दुसरा अर्धा पाव

आमच्या सुवी लाझ गावात पाव घरोघर फिरतो. इस्टरनंतरच्या चाळिसाव्या दिवशी माळावरच्या ओकाखाली पाद्री येतो, मोठा गोल पाव हातात फिरवतो, त्यावर वाईन ओततो आणि मधोमध मोडतो. अर्धा त्या वर्षीच्या यजमानाचा. दुसरा अर्धा जो हात पुढे करून घेईल, तो पुढच्या वर्षीचा यजमान. गावाचा नवस मग वर्षभर त्याच्या डोक्यावर. गारा पडू नयेत, गुरं मरू नयेत, एवढंच मागणं.

मी एकसष्ट साली लग्न होऊन इथे आले तेव्हा गावात चौऱ्याहत्तर चुली होत्या. माझ्या सासूने आयुष्यात एकदाच पाव घेतला होता आणि मरेपर्यंत तीच गोष्ट सांगत राहिली. मग खाली खोऱ्यात तांब्याची खाण निघाली, पोरं तिकडे गेली. त्यानंतर ऑस्ट्रिया. पाव घ्यायची माझी पहिली वेळ लग्नानंतर बावीस वर्षांनी आली. दुसरी अकरा वर्षांनी. तिसरी पाचच वर्षांनी. त्या सुमारास शाळा बंद झाली. बंद व्हायच्या आधी मास्तरीणबाईंनी मला अक्षरं शिकवली, अठ्ठावन्न वर्षांची होते मी. यजमानांची वही तेव्हापासून माझ्याकडे आहे. शेवटच्या नऊ वर्षांत तिच्यात दोनच नावं आहेत, माझं आणि चेदोमिरचं. तोमानिया, चेदोमिर, तोमानिया, चेदोमिर.

चेदोमिर माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. सकाळी चेदोमिरच्या धुराड्यातून धूर दिसला की मी माझी चूल पेटवायची.

"वहिनी, आपण दोघं गेलो की पाव कोण घेणार? लांडगा?" तो दर वर्षी विचारायचा.

"लांडग्याला निदान दात आहेत, भाऊजी."

यंदा मार्चमध्ये तो बर्फावर घसरून पडला. मुलगा दालिबोर ऑस्ट्रियाहून आला आणि त्याला घेऊन गेला. गाडीच्या काचेतून चेदोमिर ओरडला, "सणाला येतोय! अर्धा माझा!"

यंदा यजमान मी होते. तीन महिने मी एकाच गोष्टीची वाट पाहिली, की तो येईल आणि हात पुढे करेल. नाहीतर पाव माझ्यापाशी थांबणार होता.

खोटं घ्यायची मात्र सोय नाही. पूर्वी गावातल्या मिलूतिनने पाव घेतला आणि कोणाला न सांगता परदेशी निघून गेला. त्या उन्हाळ्यात गारांनी मका जमिनीला टेकला. तो पुढे कधी परत आला नाही. आला असता तर बायकांनीच त्याला बडवला असता.

सणाच्या सकाळी मी पाव भट्टीतून काढला तेव्हा वरच्या आळीतून ठोकण्याचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहिलं. दालिबोर चेदोमिरच्या छपरावर चढून धुराड्याच्या तोंडावर पत्रा ठोकत होता. पाव फडक्यात बांधला आणि माळावर गेले.

चेदोमिर ओकाखाली बाकावर बसला होता, नवा कोट घालून.

"काय वहिनी, अजून आहात?"

"पाव भाजायला कोणीतरी लागतं ना."

"जळका वास येतोय."

"तो तुमच्या अत्तराचा असेल."

दालिबोरही छपरावरून उतरून आला. पाद्री घाईत होता, अजून तीन गावं व्हायची होती. त्याने प्रार्थना म्हटली, वाईन ओतली, पाव मोडला. माझा अर्धा माझ्या हातात दिला. दुसरा अर्धाही माझ्याच हातात, कारण तो यजमानाने द्यायचा असतो.

"कोण घेतंय?"

चेदोमिरने काठी मुलाकडे दिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"बाबा," दालिबोर हळूच म्हणाला.

"तू गप. द्या वहिनी. पुढच्या वर्षी माझ्याकडे."

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. नखं कापलेली, तळवे पांढरे. ऐंशी वर्षांची माती तीन महिन्यांत निघून गेली होती.

"चूल कशी पेटवणार, भाऊजी? धूर कुठून जाणार?"

त्याला कळलं नाही. त्याने मान वळवून आपल्या घराकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"पाणी गळत होतं आत," दालिबोर म्हणाला. "कावळे घरटी करतात."

चेदोमिरचे हात तसेच पुढे होते.

"मग खोटं घेतो, वहिनी. पाप माझ्या डोक्यावर. गारा पडून इथलं आता काय जाणार आहे?"

"माझे बटाटे."

तो हसला नाही. त्याने हात मागे घेतले आणि कोटाला पुसले, जणू ते ओले होते.

पाद्री म्हणाला, "मी हा अर्धा आमच्या देवळात ठेवतो, तोमानियाबाई."

"ते देऊळ या गावचं नाही."

तो निघून गेला. आम्ही तिघांनी वाल आणि मटण खाल्लं. चेदोमिरने दोनदा रकिया दारू मागितली, दालिबोरने एकदाच दिली. निघताना चेदोमिर गाडीत बसल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी..." मी काचेवर हात ठेवला, तो गाडी हलेपर्यंत.

घरी येऊन दोन्ही अर्धे संताच्या तसबिरीखाली ठेवले. वही काढली. पुढच्या सालाचा आकडा लिहिला. समोर माझंच नाव लिहिता आलं असतं. पण आपल्याच हातातून आपल्याच हातात पाव घेतला तर नवस फळत नाही. जागा तशीच सोडली.

संध्याकाळी डोंगराकडून काळं भरून आलं. पूर्वी असं आभाळ आलं की कोणीतरी धावत जाऊन गारा पळवायला घंटा वाजवायचं. मी बटाट्यांवर पोती टाकायला गेले. निम्म्याच वाफ्यांना पुरली.